तंबूबाहेरचा चहा : पालवणकर बाळू आणि खेळातील माणुसकीच्या हक्कांचा प्रश्न

१

मराठी क्रीडावृत्तांताच्या भाषेत बाद झालेला फलंदाज ‘तंबूत परततो’. हा शब्दप्रयोग इतका रुळलेला आहे की त्यातील तंबूकडे कोणाचे लक्ष जात नाही. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पुण्याच्या मैदानावर एक गोलंदाज असा होता, की जो नामांकित फलंदाजांना एकामागून एक तंबूत परत पाठवीत असे आणि त्याला स्वतःला मात्र त्या तंबूत जागा नव्हती. चहाची वेळ झाली की संघातील इतर खेळाडू आत बसून चिनी मातीच्या पांढऱ्या कपांतून चहा घेत. या खेळाडूचा चहा बाहेर, साध्या मातीच्या बोळक्यात येई आणि ते बोळके नंतर फेकून दिले जाई. त्याला हातपाय धुवायचे असले, तर त्याच्यासारखाच एखादा अस्पृश्य नोकर किटलीतून पाणी घेऊन मैदानाच्या कडेला जाई आणि ते त्याच्या हातांवर ओती. त्याच्या जेवणाचे ताट निराळे आणि मेजही निराळे असे. हा खेळाडू म्हणजे पालवणकर बाळू.

हिंदी क्रिकेटच्या इतिहासात बाळू यांचे नाव आज अपरिचित राहिलेले नाही. रामचंद्र गुहा यांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड’ या ग्रंथाने त्यांचे चरित्र विस्मृतीतून बाहेर काढले आणि त्यानंतर त्यांच्याविषयी बरेच लिहिले गेले. मात्र या लेखनाचा कल बहुधा एका सुखद निष्कर्षाकडे असतो. खेळाच्या मैदानावर गुणांचीच कदर होते, तेथे जात टिकत नाही आणि बाळू यांचे यश हे त्याचे प्रमाण होय, असा तो निष्कर्ष. वस्तुतः बाळू आणि त्यांचे बंधू यांच्या अनुभवांचा क्रम नीट लावून पाहिला, तर तो याहून वेगळे काही सांगतो. मैदानाने बाळू यांच्या डाव्या हाताचा स्वीकार तत्काळ केला. त्या हाताच्या धन्याचा स्वीकार करण्यास त्याला फार वर्षे लागली, आणि तोही मैदानाने आपण होऊन केला नाही.

२

बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. घराण्याचे मूळ गाव कोकणातील पालवण. त्यावरून पालवणकर हे आडनाव आले. वडील लष्कराच्या सेवेत असल्यामुळे मुलांचे बालपण पुण्याच्या छावणीच्या परिसरात गेले. छावणीतील गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम खेळावयास शिकले. क्रिकेट हा खेळ या घरात शाळेच्या वा जिमखान्याच्या दाराने आला नाही, तो लष्कराच्या मागील दाराने आला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांना जी थोडीबहुत नवी क्षितिजे या काळात दिसली, त्यांतील बरीचशी लष्कराच्याच वाटेने दिसली. आंबेडकरांच्या घराण्याचा इतिहासही याच वाटेवरचा आहे.

बाळू यांना पहिली नोकरी मिळाली ती पुण्यातील एका पारशी क्रिकेट क्लबात. खेळपट्टी झाडणे, तिच्यावर रोळ फिरविणे आणि प्रसंगी सभासदांना सरावासाठी चेंडू टाकणे हे काम होते. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर गेले. तेथेही कामाचे स्वरूप तेच : जाळ्या उभारणे, खेळपट्टीची निगा राखणे, टेनिसची मैदाने आखणे. येथेच त्यांच्या मंदगती डावखुऱ्या फिरकीला धार आली. कॅप्टन जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नाणावलेला इंग्रज फलंदाज इतरांच्या आधी मैदानावर येई आणि बाळू यांच्याकडून तासन्‌तास चेंडू टाकून घेई. आपल्याला बाद केल्यास तो दर खेपेस आठ आणे देत असे, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, तिच्यात दडलेला व्यवहार खरा आहे. ग्रेगची फलंदाजी बाळू यांच्यामुळे सुधारली आणि बाळू यांची गोलंदाजी ग्रेगमुळे. परंतु या देवघेवीत एक गोष्ट कधीही घडली नाही. पूना क्लबात शेकडो तास चेंडू टाकणाऱ्या बाळू यांच्या हाती कोणी एकदाही बॅट दिली नाही. फलंदाजी हे साहेबाचे काम. घाम गाळून चेंडू टाकणे हे चाकराचे.

शोषणाची ही पहिली पायरी जातीची नव्हती, ती वसाहतीतील श्रमविभागणीची होती. तिच्यावर जातीची पायरी चढली ती पुण्याच्या हिंदू संघात. युरोपियनांना हरविण्याची ईर्षा या संघाला होती आणि त्यासाठी लागणारा गोलंदाज त्याच शहरात रोळ फिरवीत होता. त्याला घ्यावे की घेऊ नये, यावर संघात वाद झाला. काही तेलुगू सभासद त्याला घेण्याच्या बाजूचे होते, तर स्थानिक ब्राह्मण सभासदांचा विरोध होता. बाळू यांच्यासारखा गोलंदाज दूर ठेवणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, असे ग्रेगने जाहीरपणे म्हटल्यावर पारडे फिरले. बाळू संघात आले. चेंडू सर्वांचा एकच होता, तो हातोहात फिरत होता, आणि त्याच्या स्पर्शाने कोणी बाटत नव्हते. चहाचा कप मात्र बाटत होता.

३

या चहाच्या कपाला क्षुल्लक समजणे चूक ठरेल. ज्या पुण्यात बाळू यांच्यापुढे मातीचे बोळके ठेवले जात होते, त्याच पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमधील चहापानाचे प्रकरण घडले होते. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या घरी चहा घेतला, या आरोपावरून शहरातील अनेक प्रतिष्ठितांची नावे वृत्तपत्रात छापून आली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते आणि टिळकही होते. ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि अखेर १८९२ साली रानडे यांनी प्रायश्चित्त घेतले. त्यांच्या या कृतीने सुधारकांच्या गोटात मोठी निराशा पसरली. म्हणजे या काळच्या पुण्यात चहा हे केवळ पेय नव्हते. कोण कोणाबरोबर बसून तो घेतो, यावर समाजातील स्थान ठरत होते. पंचहौदातील चहा घेणारा उच्चवर्णीय प्रायश्चित्त घेऊन परत येऊ शकत होता. बाळू यांच्यापुढे असे कोणतेही प्रायश्चित्त नव्हते, कारण त्यांचा दोष कृतीचा नसून जन्माचा मानला गेला होता.

या पार्श्वभूमीवर साताऱ्याच्या सामन्यानंतरची घटना विशेष अर्थपूर्ण वाटते. पुण्याच्या हिंदू संघाने साताऱ्यास युरोपियनांच्या जिमखान्यावर विजय मिळविला. बाळू यांनी ७ बळी घेतले. पुण्यात परतल्यावर त्यांचा सत्कार झाला आणि या प्रसंगी रानडे यांनी, ज्यांच्या बरोबरीने आपण खेळतो त्यांच्या पंक्तीला बसून आपण जेवलेही पाहिजे, अशा आशयाचे उद्गार काढले. टिळकांनीही एका सभेत बाळू यांचा गौरव केला. चहाच्या एका कपापायी ज्यांना स्वतः ग्रामण्य सोसावे लागले, त्या दोघांनी चहाच्या कपापासून दूर ठेवल्या गेलेल्या खेळाडूच्या पाठीवर हात ठेवावा, यात काळाची गुंतागुंत दिसते. पण गौरव आणि हक्क या दोन भिन्न गोष्टी आहेत. गौरव देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असतो आणि पराक्रमाच्या बदल्यात मिळतो. हक्कासाठी पराक्रमाची अट नसते. ज्या दिवशी बाळू यांना ७ बळी मिळाले नसते, त्या दिवशी पंक्तीला बसण्याचा प्रश्न कोणी काढला असता काय?

१८९६ च्या प्लेगनंतर बाळू पुणे सोडून मुंबईस आले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याने, काही सभासदांचा विरोध डावलून, त्यांना प्रवेश दिला. मुंबईत त्यांना रेल्वेची नोकरी मिळाली आणि संघातील सहकाऱ्यांबरोबर बसून जेवण्याची मुभाही मिळाली. गिरण्या, रेल्वे आणि गोद्या यांच्या या शहरात परंपरेची पकड थोडी सैल होती. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदू संघाने युरोपियनांशी सामना खेळला. हिंदूंच्या २४२ व १६० धावा, युरोपियनांच्या १९१ व १०२. हिंदूंचा १०९ धावांनी विजय. बाळू यांनी सामन्यात ८ बळी घेतले. शिवरामही या संघात होते. मुंबईच्या ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ने या विजयाचा अर्थ लावताना जातिबंधने शिथिल केल्याचा लाभ असा त्याकडे बोट दाखविले आणि बाळू यांना सामावून घेण्याची घटना समाजाच्या वाटचालीतील महत्त्वाचा टप्पा ठरविली.

सुधारकांचा हा युक्तिवाद हेतूने उदार होता. त्याच्या पोटातील अडचण मात्र लक्षात घेतली पाहिजे. भेदभाव सोडा, म्हणजे तुम्ही जिंकाल, असे सांगणारा युक्तिवाद भेदभावाची किंमत पराभवात मोजतो. मग ज्या अस्पृश्याच्या अंगी सामना जिंकून देण्याचे कौशल्य नाही, त्याच्यासंबंधी हा युक्तिवाद काय सांगतो? तेथे तो मूक होतो.

४

त्या काळचे मुंबईचे क्रिकेट जमातींच्या पायावर उभे होते, हे येथे सांगणे आवश्यक आहे. युरोपियन आणि पारशी यांच्यातील सामने १८९२ पासून नियमाने होऊ लागले. १९०७ मध्ये हिंदू आल्यावर ते तिरंगी झाले, १९१२ मध्ये मुसलमान आल्यावर चौरंगी, आणि १९३७ पासून पंचरंगी. १९४६ साली ही परंपरा संपली. किनाऱ्यालगत एकमेकांशेजारी उभे असलेले पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखाने ही त्या रचनेची खूण आजही दाखवितात. या रचनेत खेळाडूला स्वतःच्या नावाने उभे राहता येत नव्हते. त्याला कोणत्यातरी जमातीचा म्हणूनच उभे राहावे लागे. बाळू यांना हिंदू संघात घेणे म्हणजे ते हिंदू आहेत असे जाहीरपणे मान्य करणे होय. पण मान्यता आणि बरोबरी यांच्यात अंतर ठेवता येते. मैदानावर ज्याला हिंदू म्हणून मोजावयाचे, त्यालाच मैदानाबाहेर अस्पृश्य म्हणून दूर ठेवावयाचे, ही सोय त्या रचनेत होती. पुढे १९३२ साली येरवड्याच्या तुरुंगात जो प्रश्न देशापुढे उभा ठाकला, अस्पृश्यांना हिंदूंत गणावयाचे तर कोणत्या अटींवर, तो प्रश्न क्रिकेटच्या मैदानावर तीन दशके आधीच उभा होता.

१९११ च्या उन्हाळ्यात पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल हिंदी संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. बाळू आणि शिवराम हे दोघेही बंधू त्यात होते, बंगळूरचे बी. जयराम, मुंबईचे एम. डी. पै, बडोद्याचे राजपुत्र शिवाजीराव आदी खेळाडूही होते. महाराज सुरुवातीचे मोजके सामने खेळून राज्यारोहणाच्या समारंभांत गुंतले. संघाची कामगिरी सामान्य ठरली : २३ सामन्यांत ६ विजय, १५ पराभव. या पडत्या काळात एकटे बाळू तळपत राहिले. पस्तिशीच्या वयात, दुखऱ्या खांद्याने त्यांनी दौऱ्यात ११४ बळी घेतले; दर बळीमागे सरासरी १८.८४ धावा. परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजातर्फे त्यांचा सत्कार झाला. त्या प्रसंगीच्या मानपत्राशी तेव्हा एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांचे नाव जोडले जाते. एका पिढीच्या दृष्टीने बाळू हे सार्वजनिक जीवनात निर्विवादपणे मान्यता मिळविलेले आपल्यातील पहिले माणूस होते, हे यावरून उमगते.

मान्यता निर्विवाद होती, पण तिला छत होते. कर्णधारपद हे ते छत. १९१३ साली हिंदू संघाचे नेतृत्व एम. डी. पै यांच्याकडे आले. आपल्या सत्काराच्या भाषणात पै यांनी मोकळेपणाने सांगितले की हा मान वास्तविक बाळू यांना मिळावयास हवा होता. संघात तेच ज्येष्ठ आणि अनुभवी आहेत. सहकाऱ्याच्या मनाचा मोठेपणा येथे दिसतो, तसाच निवड करणाऱ्यांच्या मनाचा ठामपणाही. वर्षामागून वर्षे गेली. बाळू गोलंदाजी करीत राहिले, इतर लोक नाणेफेकीला जात राहिले. गोलंदाजी हे श्रमाचे काम, कर्णधारपण हे हुकमाचे. श्रम खालच्या जातीकडून घेता येतात, तिचा हुकूम घेता येत नाही. पूना क्लबाने बॅट हाती न देण्यामागे जो हिशेब होता, तोच येथे अधिक सभ्य रूपात वावरत होता.

५

या हिशेबाला पहिला उघड आव्हान मिळाले ते १९२० साली. त्या वर्षीच्या चौरंगी सामन्यांसाठी बाळू यांना वगळण्यात आले. कर्णधार पै पहिल्या सामन्यास उपलब्ध नव्हते. त्यांच्या जागी धाकटे बंधू विठ्ठल यांचा हक्क पोहोचतो, अशी अपेक्षा होती. विठ्ठल हे त्या काळातील अव्वल दर्जाचे फलंदाज होते. निवड झाली ती पुण्याचे दि. ब. देवधर यांची. देवधर थोर खेळाडू होते आणि पुढे तर हिंदी क्रिकेटचे पितामह ठरले; प्रश्न त्यांच्या योग्यतेचा नव्हता, विठ्ठल यांची योग्यता कोणत्या तराजूत तोलली गेली याचा होता. विठ्ठल आणि शिवराम या दोघा बंधूंनी संघातून अंग काढून घेतले आणि आपल्याला जातीमुळे डावलले जात असल्याचे जाहीर निवेदनाद्वारे सांगितले.

या कृतीचे महत्त्व पुरते ओळखले गेलेले नाही. तोवर पालवणकरांच्या बाजूने जे बोलले गेले ते इतरांनी बोलले होते : ग्रेगने, रानड्यांनी, टिळकांनी, सुधारकांच्या वृत्तपत्रांनी, पै यांनी. बोलणारे सद्भावनेने बोलले. पण ज्यांच्याविषयी बोलले ते गप्प होते आणि चेंडू टाकीत होते. १९२० मध्ये त्यांनी प्रथमच स्वतः तोंड उघडले, आणि त्यासाठी निवडलेले साधन खेळाचे नव्हते, नकाराचे होते. आम्ही खेळणार नाही, असे त्यांनी म्हटले. हे वर्ष असहकाराचे होते हेही विसरता येत नाही. अस्पृश्यता हा स्वराज्याच्या मार्गातील अडसर आहे, हा विचार गांधींच्या तोंडून तेव्हा सर्वत्र जात होता, आणि त्यामुळे या निवेदनाला कान मिळाला. लोकमत क्षुब्ध झाले. पारश्यांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी पै परत आले, दोघे बंधू संघात आले, आणि बाळू यांना केवळ परत बोलावले गेले असे नाही, तर उपकर्णधार नेमण्यात आले. सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या अवधीत बाळू यांनी हिंदू संघाचे नेतृत्व केले. चव्वेचाळिसाव्या वर्षी, काही षटकांपुरते. तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल यांच्या कर्णधारपदाखाली हिंदू संघाने युरोपियनांवर मात करून चौरंगी स्पर्धा जिंकली. बाळू यांच्या वाट्याला जे आले नाही ते त्यांच्या धाकट्या भावाच्या वाट्याला आले. मधे होता तो १९२० चा नकार.

याच दशकात, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर आंबेडकरांनी ओंजळीने पाणी घेतले. माणुसकीच्या हक्कांची भाषा महाराष्ट्रात घरोघर पोहोचली ती या लढ्याने. तळ्याचे पाणी आणि किटलीतून हातावर ओतलेले पाणी यांच्यात जे नाते आहे ते स्पष्ट आहे. तहान भागविण्याचा प्रश्न दोन्ही ठिकाणी नव्हता. इतरांसारखे, इतरांच्या ठिकाणी पाणी घेण्याचा होता.

यापुढील बाळू यांचे राजकीय जीवन गुंतागुंतीचे आहे आणि त्याचे सोपे मूल्यमापन टाळले पाहिजे. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर स्वाक्षरी करणाऱ्यांत ते होते. धर्मांतराचा आंबेडकरांचा मार्ग त्यांना पटला नाही. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळू यांना ११,२२५ मते पडली. ज्याच्या सत्कारात तरुण भीमराव सामील झाले, तोच त्यांचा प्रतिस्पर्धी व्हावा, ही विसंगती पुष्कळांना बोचते. परंतु बाळू यांच्या बाजूने पाहिले तर तिच्यात एक तर्क सापडतो. त्यांना आयुष्यभर जे थोडेथोडे मिळत गेले ते हिंदू संघात राहून मिळाले होते. आंबेडकरांनी ते थोडेथोडे मिळणेच नाकारले. एकाने दार हळूहळू उघडताना पाहिले होते. दुसऱ्याला ते दार कोणाच्या हाती आहे हा मूळ प्रश्न वाटत होता. इतिहासाने दुसऱ्या प्रश्नाला अधिक मोठे ठरविले. म्हणून पहिल्याचा अनुभव खोटा ठरत नाही.

६

बाळू यांच्या चरित्रात तीन उंबरठे दिसतात : संघात प्रवेश, सहकाऱ्यांबरोबर बसण्याची प्रतिष्ठा, आणि नेतृत्वाचा अधिकार. हे उंबरठे केवळ महाराष्ट्राचे नव्हते. बाळू ज्या वर्षांत पूना क्लबात चेंडू टाकीत होते, त्याच वर्षांत दक्षिण आफ्रिकेत क्रोम हेंड्रिक्स नावाचा कृष्णवर्णीय वेगवान गोलंदाज गाजत होता. १८९४ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी त्याची निवड व्हावी असे जाणकारांना वाटे. वर्णामुळे त्याला वगळले गेले. सामान सांभाळणारा नोकर म्हणून त्याने जावे, अशीही सूचना पुढे आली, आणि ती त्याने धुडकावली. तो पहिल्याच उंबरठ्यावर अडला. वेस्ट इंडीजचा लिअरी कॉन्स्टंटाइन दुसऱ्यावर अडला. १९४३ साली लॉर्ड्‌सवरील सामन्यासाठी लंडनला आला असता एका मोठ्या हॉटेलाने त्याला सकुटुंब राहू देण्यास नकार दिला. तो न्यायालयात गेला आणि १९४४ साली त्याच्या बाजूने निकाल लागला. भरपाई नाममात्र, ५ गिन्यांची. तिसऱ्या उंबरठ्याची कथा फ्रँक वॉरेलची. वेस्ट इंडीजच्या संघाचे खांब कृष्णवर्णीय खेळाडूच होते, पण दीर्घकाळासाठी त्यांच्यातील एकाला कर्णधार नेमण्यास १९६० साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी सी. एल. आर. जेम्स या लेखकाला वृत्तपत्रातून मोहीम चालवावी लागली. वॉरेलच्या चाळीस वर्षे आधी विठ्ठल आणि शिवराम यांनी मुंबईत तोच प्रश्न उपस्थित केला होता.

या चारही उदाहरणांतून एकच गोष्ट निघते. खेळ आपोआप न्याय करीत नाही. त्याचे नियम मैदानावर समान असतात हे खरे. पण मैदानावर कोणी उतरावे, उतरल्यावर कोठे बसावे आणि कोणी कोणाला आज्ञा करावी, हे नियमांच्या पुस्तकात नसते. ते जिमखान्यांच्या समित्यांत, हॉटेलांच्या कचेऱ्यांत आणि निवड मंडळांच्या बैठकांत ठरते. तेथे गुणवत्ता हा एक युक्तिवाद असतो, निर्णय नसतो. हेंड्रिक्सचा नकार, कॉन्स्टंटाइनचा दावा, जेम्सची मोहीम आणि पालवणकरांचे निवेदन यांनी तो निर्णय ओढून आणला, किंवा निदान त्याची लाज जगापुढे आणली.

‘लगान’ (२००१) या चित्रपटातील कचरा हा फिरकी गोलंदाज पाहताना अनेकांना बाळू आठवले. त्या कथेत कचऱ्यासाठी बोलतो तो नायक; कचरा स्वतः जवळजवळ मूक आहे. लोकप्रिय कलेला ही मांडणी सोयीची असते. इतिहास मात्र सांगतो की निर्णायक वेळी पालवणकर स्वतःच बोलले.

संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने १९५० पासून अस्पृश्यता नष्ट करण्यात आली. युनेस्कोच्या १९७८ च्या सनदेने व्यायाम व खेळ यांत भाग घेणे हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क मानला. कायद्याची भाषा आता निःसंदिग्ध आहे. तरीही ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उपान्त्य सामन्यात भारताच्या महिला हॉकी संघाचा पराभव होताच वंदना कटारिया या खेळाडूच्या हरिद्वारजवळील घरासमोर जल्लोष करून जातिवाचक शिवीगाळ केल्याची तक्रार पोलिसांत नोंदविली गेली. काही दिवसांपूर्वीच तिने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल करून ऑलिंपिकमध्ये असा पराक्रम करणारी पहिली भारतीय महिला होण्याचा मान मिळविला होता. विजयाच्या दिवशी ती देशाची होती आणि पराभवाच्या दिवशी जातीची झाली. पराक्रमाच्या अटीवर मिळणारा मान किती तकलादू असतो, हे साताऱ्याच्या त्या सत्कारानंतर सव्वाशे वर्षांनी पुन्हा दिसले.

७

बाळू यांचे निधन ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत झाले. आकड्यांच्या तक्त्यात त्यांची नोंद अशी : प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. हे आकडे थोर आहेत, आणि अपुरेही आहेत. नाकारलेल्या कर्णधारपदाला त्या तक्त्यात रकाना नसतो. तंबूबाहेर घेतलेल्या चहालाही नसतो. ते सांगण्याचे काम साहित्याचे आहे.

मराठी साहित्याने हे काम केले आहे काय? विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मकथन मराठीत लिहिले आणि ते १९४८ साली मुंबईत प्रसिद्ध झाले. मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा संयुक्त राष्ट्रांनी त्याच वर्षीच्या डिसेंबरात स्वीकारला. दोहोंचा परस्परांशी संबंध नाही, परंतु दोन्ही एका वर्षाची आहेत, एवढे नोंदविण्यास हरकत नसावी. दलित आत्मकथनांची चर्चा मराठी समीक्षेत सामान्यतः दया पवार यांच्या ‘बलुतं’पासून, म्हणजे १९७८ पासून, सुरू होते. त्या प्रवाहाची भाषा, त्यातील विद्रोह आणि त्याचा आंबेडकरी वारसा लक्षात घेता ही सुरुवात योग्यही आहे. मात्र तिच्या तीस वर्षे आधी अस्पृश्य समाजातील एका माणसाने आपले जीवन मराठी गद्यात मांडले होते, आणि ते समीक्षेच्या शेल्फावर न जाता, जिथे गेले तिथेही, खेळांच्या पुस्तकांत राहिले. वाङ्मयाचे विभाग पाडणाऱ्यांनी त्यालाही, नकळत का होईना, तंबूबाहेरच बसविले.

इतिहासकारांनी त्या पुस्तकाचा साधन म्हणून उपयोग करून घेतला आहे. त्याचे वाङ्मयीन वाचन अद्याप व्हावयाचे आहे : विठ्ठल कोठे बोलतात आणि कोठे थांबतात, वडील भावाविषयी कोणत्या स्वरात लिहितात, अपमानाला कोणते शब्द वापरतात आणि कोणते टाळतात. मराठी आत्मचरित्राच्या अभ्यासकाने ते एकदा आत्मचरित्र म्हणून हाती घ्यावे, आणि ग्रंथपालाने त्याची प्रत मिळाल्यास ती ‘बलुतं’च्या शेजारी लावावी.